मांजरावरून आलीस, गाठ म्हशीशी आहे

पत्र असं आहे:

“मॅडम, मी भांडुपला राहते. दोनदा नीटची परीक्षा दिली. सरकारी एमबीबीएस दोन्ही वेळा हुकलं, पण यंदाच्या मार्कांवर बी.व्ही.एस्सी. मिळून जाईल असं क्लासचे सर म्हणतात. मला लहानपणापासून प्राण्यांची आवड. सोसायटीतल्या अकरा मांजरांना मीच खायला घालते. पप्पा म्हणतात, ‘दोन वर्षं क्लासला पैसे ओतले ते गुरांचा डॉक्टर व्हायला का?’ आत्या म्हणते, स्थळं येणार नाहीत. आईचं म्हणणं, मुंबईत मिळालं तर घे, उदगीर-परभणीला पाठवणार नाही. माझी स्वतःची भीती वेगळीच आहे. गेल्या वर्षी आमच्या मन्या बोक्याची किडनी गेली आणि शेवटी इंजेक्शन देऊन त्याला सोडवावं लागलं. मी चार दिवस जेवले नव्हते. अशी मुलगी ही डॉक्टर होऊ शकते का? की तिसऱ्यांदा नीट देऊ?
— मांजरवाली, भांडुप”

मांजरवाले,

तुझ्या पत्रात अकरा मांजरं आली, मन्या आला, पप्पा, आई, आत्या सगळे येऊन गेले. गाय मात्र एकदाही आली नाही. म्हैस नाही, शेळी नाही, कोंबडी तर नाहीच नाही. माझं निम्मं उत्तर या न आलेल्या मंडळींबद्दल आहे.

पदवीचं पूर्ण नाव एकदा मोठ्याने वाच: बॅचलर ऑफ व्हेटर्नरी सायन्स अँड अॅनिमल हजबंडरी. ‘अँड’च्या पुढचं सगळे विसरतात. ते म्हणजे पशुसंवर्धन. एकूण साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पहिल्याच वर्षी शरीररचनेच्या हॉलमध्ये फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतं, आणि समोर टेबलावर असतो तो रेडा, मांजर नव्हे. हाडं आधी गाईगुरांची पाठ करायची, मग त्यात घोड्याचं काय वेगळं, कुत्र्याचं काय वेगळं, कोंबडीचं काय वेगळं. गाईला वरचे पुढचे दात नसतात. घोड्याला पित्ताशय नसतं, आणि त्याला उलटीही करता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी हा गंमतीचा विषय नाही. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, शेळी पाच महिन्यांत, म्हैस मात्र दहा महिने घेते. पुढे पशुपोषण येतं: म्हशीला वाळला चारा किती, हिरवा किती, पेंड किती, याची गणितं. मग पैदास, दूध आणि मांसाची तपासणी, कोंबड्यांच्या शेडची हवा. मांजर येतं, पण उशिरा येतं आणि थोडं येतं.

परळचं आपलं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ चं. त्याच्या शेजारच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला परळ-लालबागचे लोक अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. १८७४ पासून या शहरात ट्राम घोडे ओढत होते, गोदीतला माल बैलगाड्यांतून जात होता. मुंबई चालत होती ती जनावरांच्या खुरांवर. जनावरं लंगडली की शहर थांबायचं. तिथे आज सकाळी गेलीस तर भाजीच्या पिशवीतून मान काढणारी मांजरं दिसतील, रिक्षातून उतरणारे कुत्रे दिसतील, एखादी शेळीही दिसेल. पण अभ्यासक्रम बैल आणि घोडा विसरलेला नाही.

मी तिथेच शिकले. तेव्हा कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे होतं. नागपूरचं माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, २००० साली आलं. वर्गात आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्या. मीही तुझ्यासारखीच गिरगावातल्या चाळीतल्या एका कुत्रीपायी आले होते. पहिली नोकरी लागली रायगड जिल्ह्यात.

तीन महिने झाले असतील. रात्री साडेअकराला एक माणूस सायकलवरून आला. म्हैस अडली होती, संध्याकाळपासून. गोठ्यात कंदील, शेणात बसलेली म्हैस, मागून रेडकाचे दोन पाय बाहेर आणि डोक्याचा पत्ता नाही. हात साबणाने खांद्यापर्यंत माखून आत घातला तर रेडकाची मान मागे वळलेली, तोंड बरगड्यांवर टेकलेलं. अशा वेळी पाय ओढायचे नसतात. पायांना दोरी बांधून ठेवायची आणि रेडकू उलट आत ढकलायचं, म्हणजे डोक्याला फिरायला जागा होते. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. म्हशीने कळ दिली की माझा हात तिचं हाड आणि रेडकाचं डोकं यांच्यामध्ये चेपायचा, बोटं बधिर व्हायची. कळ ओसरेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा चाचपायचं: हा कान, हा डोळा, हा जबडा. खालच्या जबड्यात दोरी अडकली तेव्हा एक वाजून गेला होता. पावणेदोनला रेडकू बाहेर आलं. मेलेलं.

मी रडकुंडीला आले होते. घरातली बाई मात्र रेडकाकडे बघतही नव्हती. तिने विचारलं, “म्हैस राहील ना?” म्हैस कर्जाची होती. आणि दुसरा प्रश्न तिने मला विचारलाच नाही, कारण तो मला कळणार नाही हे तिला माहीत होतं: रेडकू ढुसण्या देत नसेल तर म्हैस पान्हा सोडेल का? म्हशी याबाबतीत हट्टी असतात. बाईने रेडकाला पुसलेलं गोणपाट तसंच म्हशीच्या तोंडापुढे टाकलं, पेंडीचं घमेलं सरकवलं आणि कासेखाली बसली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पान्हा सोडलाय.

हे तुला का सांगते आहे? तुझा प्रश्न आहे, माझ्याने मरण बघवेल का. तर ते बघवतं. सवय होते असं मी म्हणणार नाही, पण हात कामात असले की डोळे नंतर भरतात. तू चार दिवस जेवली नाहीस यात काही वावगं नाही. मन्या तुझा होता. दवाखान्यात टेबलावरचं जनावर दुसऱ्याचं असतं आणि तो दुसरा माणूस तुझ्याकडे बघत उभा असतो. ज्यांना जनावर गेल्याचं काहीच वाटत नाही, अशी दोन-तीन मुलं प्रत्येक बॅचला असतात. त्यांची मला जास्त भीती वाटते.

मात्र एक गोष्ट तुझ्या पत्रात मला खटकली. तू नंतर तळटीप लिहिली आहेस (ती वर छापलेली नाही) की तुमच्या बिल्डिंगमधले लोक ‘निर्दयी’ आहेत, प्राण्यांपेक्षा माणसंच वाईट. अगं, मग तुझं अवघड आहे. या धंद्यात पेशंट बोलत नाही, सगळी हकीकत माणूस सांगतो. आणि माणूस लपवतो, विसरतो, लाजतो, पैसे नसले की खोटं बोलतो.

इंटर्न असताना एका दवाखान्यात माझ्यासमोर एक माणूस मांजर घेऊन आला. मांजराचा श्वास चढलेला, तोंड सुजलेलं. ओठ वर केला तर हिरड्या गुलाबी नाहीत, चॉकलेटी. काय दिलं होतं? आधी म्हणाला काही नाही. मग म्हणाला, अंग गरम लागलं म्हणून घरातली तापाची अर्धी गोळी दिली. पॅरासिटामॉल. आपल्या लिव्हरला जे जमतं ते मांजराच्या लिव्हरला जमत नाही. त्या औषधाने मांजराचं रक्त प्राणवायू वाहून न्यायचंच विसरतं, म्हणून तो चॉकलेटी रंग. वेळेत आलं तर उतारा आहे. मी काय केलं? त्या माणसावर ओरडले. “तुम्ही मारलंत याला,” असं चारचौघांत म्हणाले. त्याने मांजर पिशवीत घातलं आणि निघून गेला. उपचार राहिले बाजूला. त्याने गोळी प्रेमानेच दिली होती, स्वतःच्या मुलाला देतात तशी. मी गप्प बसले असते तर कदाचित ते मांजर वाचलं असतं. आज इतक्या वर्षांनीही तो प्रसंग आठवला की मान खाली जाते. आता मी पहिला प्रश्न नेहमी असा विचारते: “घरात काय काय करून बघितलंत? सगळे करतात, सांगा.” मग सांगतात.

आता पप्पा. ‘गुरांचा डॉक्टर’ हे त्यांनी शिवीसारखं म्हटलंय. ते चूक नाहीत, आपल्याकडे तसंच म्हणतात. माणसांचे डॉक्टर एकाच प्राण्याचे डॉक्टर असतात हा विनोद प्रत्येक बॅच नव्याने शोधते. तो त्यांना ऐकवू नकोस, चिडतील. त्याऐवजी हे सांग. माणसाने आजवर पृथ्वीवरून मुळासकट उपटलेले रोग दोनच. एक देवी, आणि दुसरा बुळकांडी, गुरांचा. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं, आणि ते काम लस घेऊन गोठ्यागोठ्यात फिरलेल्या गुरांच्या डॉक्टरांचं आणि त्यांच्या पर्यवेक्षकांचं आहे. पप्पांच्या आजोबांना विचारता आलं असतं तर बुळकांडी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं असतं.

आणि गिधाडांचं. लंगड्या बैलाला वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक टोचायचे, सर्रास, मीही टोचलंय. बैल मेला की गिधाडं खायची आणि त्या औषधाने त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. देशभरात गिधाडं संपत आली तेव्हा कुठे कारण सापडलं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, त्याऐवजी मेलॉक्सिकॅम आलं. एक साधं वेदनाशामक, चुकीच्या अंगात. औषधशास्त्राच्या पेपरला हा प्रश्न चार मार्कांचा असतो.

पैशाबद्दल मात्र पप्पांना गुलाबी चित्र दाखवू नकोस. पास होऊन मुंबईत कुणाच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लागलीस तर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. स्वतःचं क्लिनिक म्हणजे मुंबईतलं भाडं, एक्स-रे, सोनोग्राफी. सरकारी वाट एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, गट अ, पण ती जाहिरात दरवर्षी येतेच असं नाही. याशिवाय कुक्कुटपालन आणि खाद्याच्या कंपन्या आहेत, लस-औषधं आहेत, बँकांमध्ये कृषी अधिकाऱ्याच्या जागा आहेत, सैन्याची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. मुंबईतच देवनारच्या कत्तलखान्यात जनावर कापण्याआधी आणि नंतर तपासणारे पशुवैद्यच असतात. तुला नको वाटेल, पण शहराच्या ताटात काय येतं ते तिथे ठरतं. राणीच्या बागेतले प्राणी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे, महालक्ष्मीचे रेसचे घोडे, यांनाही डॉक्टर लागतात, पण त्या जागा हाताच्या बोटांवर. पोस्टरवर बिबट्या असतो, नोकरी गोठ्यात असते.

आत्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझं लग्न झालं. नवऱ्याने पहिल्या महिन्यात एकदाच विचारलं, हा वास कसला, आणि नंतर विचारलं नाही.

आता आईचं. इथे मी आईच्या विरुद्ध आहे आणि तुझ्याही, कारण तुझ्याही मनात परळच आहे. नुसतं मुंबई भरून बसू नकोस. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, सगळी भर. किंबहुना तुझ्यासारख्या, म्हशीला कधी हात न लावलेल्या मुलीसाठी उदगीर जास्त चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे. देवणी आणि लाल कंधारी गाई तिथल्या मातीतल्या, उस्मानाबादी शेळी दाराशी. बाजाराच्या दिवशी जनावरांच्या बाजारात दोन तास उभी राहिलीस तर दात बघून वय सांगायला शिकशील, दलाल कासेत दूध तुंबवून गाय कशी विकतो तेही कळेल. मुंबईत कुत्री-मांजरं तुला आयुष्यभर मिळणारच आहेत. इथे आता त्यांच्यासाठी मोठमोठी हॉस्पिटलं उभी राहतायत, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने काढलंय तसं. गाभण म्हैस भांडुपला कुठून आणशील? आईला सांग, होस्टेल असतं, आणि पोरगी लवकर उठायला शिकेल.

फॉर्मचं नीट ऐक, कारण दरवर्षी कुणी ना कुणी इथेच फसतं. प्रवेश नीटच्या मार्कांवरच होतो, पण एमबीबीएस-बीडीएसच्या राज्य सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये बी.व्ही.एस्सी. आपोआप येत नाही. माफसूचा अर्ज वेगळा, त्यांच्या साइटवर. आणि प्रत्येक कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषदेकडून भरल्या जातात, त्याची नोंदणी आणखी वेगळी. दोन्ही भर. डोमिसाइल, जातीचा दाखला असेल तर त्याची वैधता, उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाक. आणि कुणी ‘डिप्लोमातही तेच आहे, लवकर सुटशील’ म्हणालं तर ऐकू नकोस. ती पदविका वेगळी, तिने पशुवैद्य म्हणून नोंदणी होत नाही.

तिसऱ्यांदा नीट द्यायची का? तुला माणसांचीच डॉक्टर व्हायचं असेल आणि हे फक्त हुकल्याचं दुःख झाकायला घेत असशील, तर दे, खुशाल दे. वर्गात निम्मी मुलं एमबीबीएस हुकूनच आलेली असतात. त्यातली काही दुसऱ्या वर्षापर्यंत रमतात, काही साडेपाच वर्षं तोंड वाकडं करून बसतात आणि बाजूच्याचीही हवा घालवतात. त्या दुसऱ्या रांगेत बसायला येऊ नकोस.

ते कळण्यासाठी घरात विचार करून उपयोग नाही. दोन सकाळी खर्च कर. एक सकाळ परळच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर. जनावरांकडे नको, डॉक्टर माणसांशी काय आणि कसं बोलतात ते ऐक. दुसरी सकाळ तबेल्यात. भांडुपहून पवईमार्गे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने आरे कॉलनीत जा, तिथे अजून म्हशी आहेत. पहाटे दूध काढायच्या वेळी पोच, मालकाला विचारून आत जा, नाकाला ओढणी लावू नकोस, आणि चपला नको, बूट घालून जा. गवळ्याला विचार, कोणती म्हैस कासदाहाने, म्हणजे कास सुजून, दोन महिने बसली होती आणि त्यात त्याचे किती पैसे गेले. तो सांगायला लागला की तासभर थांबणार नाही. तुला ते ऐकावंसं वाटलं, मध्येच घड्याळाकडे बघितलं नाहीस, तर अर्ज भर. पप्पांना बरोबर नेलंस तर उत्तमच. त्यांना ताजं दूध मिळेल आणि रागही जरा उतरेल.

अॅडमिशन झाली की पहिल्या आठवड्यात रेबीजची लस घ्यायची, कुत्रा चावायच्या आधीची, तीन डोस. त्यावरून आठवलं. अकरा मांजरांना तू खायला घालतेस असं लिहिलंस. त्यातल्या किती जणांची नसबंदी झालीय ते लिहिलं नाहीस. मांजर पाच-सहा महिन्यांत वयात येते आणि दोन महिन्यांत विते. खाणं मिळतंय म्हटल्यावर पुढच्या पावसाळ्यात ती अकराची वीस होतील, आणि मग बिल्डिंगवाले निर्दयी का झाले ते तुला कळेल. या महिन्यात निदान तीन माद्यांची करून घे, आणि पिंजरा लावून मांजर कसं धरतात ते नसबंदी करणाऱ्यांच्या माणसाकडून बघून ठेव.